चावी

मिरजेच्या दवाखान्यातून आण्णांना घरी आणलं
तेव्हा त्यांच्याकडं एकच शब्द शिल्लक होता.
चावी.

डॉक्टर म्हणाले, होतं असं.
डाव्या मेंदूत रक्त साकळलं की कुणाकडं शिवी राहते,
कुणाकडं देवाचं नाव, कुणाकडं नुसती एक दोन तीन मोजणी.
हिंदुराव पैलवानांकडं चावी राहिली.

पहाटे चावी म्हणजे चहा.
दुपारी चावी म्हणजे खिडकी लावा, ऊन तोंडावर येतंय.
आक्का पदर डोळ्याला लावायची.
मी वहीत लिहीत गेले: वार, वेळ, आवाज चढा की उतरता,
बेदाण्याच्या शेडवर पेट्या मोजताना लिहितात तसं.

हा शब्द माझा जुना वैरी.
पुण्याच्या हॉस्टेलात पहिल्याच आठवड्यात मी ओरडले होते,
चावी बंद कर गं, बादली वाहून चाललीय!
आणि अख्खा मजला हसला.
चावी कुलपाला असते बाई, ह्याला नळ म्हणतात.
तेव्हापासून मी नळ म्हणत राहिले,
सावळजला आले तरी,
चावीवर घागरी घेऊन उभ्या असलेल्या बायकांच्या तोंडावर.

मग स्पॅनिशच्या वर्गात सरांनी फळ्यावर लिहिलं, यावे.
कुलपाची ती यावे.
मेक्सिकोत पाण्याची तोटी, तीही यावे.
आणि कुस्तीत हात पिरगळून असा धरला
की सुटायला फट राहत नाही, त्या पकडीलाही यावे.
मी बाकावर एवढ्यांदा हसले की सर थांबले.
त्यांना काय सांगणार,
की माझ्या गावानं हे न शिकता पाठ केलंय.

मूळचा तो लॅटिन, क्लाविस.
फ्रान्सात जाऊन सुरावटीच्या तोंडाशी बसला,
रोमानियात दोन कड्यांमधली खिंड झाला.
आपल्याकडं पोर्तुगीजांच्या गलबतातून उतरला,
आणि कुठल्या घाटानं, कुणाच्या पडशीतून
तासगावपर्यंत चढला, कोण जाणे.
पुढं लिस्बनच्या तोंडात त्याचा च झिजून श झाला.
आमच्याकडं च तो च राहिला,
पाणी आठ दिवसांनी येत होतं तेव्हासुद्धा.

त्याचं धाकटं रूप, लहानशी चावी,
ते गळ्याखालच्या हाडाला म्हणायचे.
आण्णांचं ते हाड विट्याच्या मैदानात मोडलं होतं,
अजून सदऱ्यातून उंचवटा दिसतो.
आणि द्राक्षाच्या वेलीचा ताणा,
तारेला दोन वेढे घालून घट्ट बसणारा,
त्यालाही तेच नाव.
हे मी त्यांना सांगायला हवं होतं. बाग तोडायच्या आधी.

पण एक गोष्ट मी पुस्तकातून वाचली आणि कुणालाच सांगितली नाही.
रोममध्ये नवरी घरात आली की तिच्या हाती चाव्या देत,
काडीमोड झाला की काढून घेत.
माझ्याकडून कुणी काढून घेतली नाही.
मीच कोथरूडच्या फ्लॅटची चावी फ्रिजवर ठेवली
आणि सांगलीची गाडी धरली.
त्यानंतर चौदा महिने
आण्णा माझ्याशी बोलले नाहीत.
ताट वाढलं की जेवायचे. मान खाली.

काल संध्याकाळी ओट्यावर त्यांच्या नख्या काढत होते.
उजवा हात थंड, मांडीवर पडलेला.
डाव्या हातानं त्यांनी अचानक माझं मनगट धरलं,
अंगठा आत, कोपर वर, तालमीतली जुनी सवय.
म्हणाले, चावी.

चहा झाला होता. ऊन कधीच उतरलं होतं.
मी वहीची पानं मनात चाळली, हा आवाज कुठंच नव्हता,
चढा नाही, उतरता नाही.

पकड ढिली होती.
शेजारची शाळकरी पोरंसुद्धा सोडवून घेतील एवढी.
मी नेलकटर खाली ठेवलं.
बाहेर चावीला पाणी आलं, घागरी आपटायला लागल्या,
आक्का आतून हाका मारत होती, ऊठ की गं,
आपला नंबर जाईल.