व्याह्यांचं घोडं

सोमवारी सकाळी परराष्ट्र खात्याच्या आवारात
कडुनिंबाला एक घोडं बांधलेलं.
तांबडं, कपाळावर चांद.
खोगिरात खोचलेली चिठ्ठी:
व्याह्यांकडून, मानाचं.

मंत्र्यांची लेक पूर्वेला दिलेली,
कोरड्या ओढ्यापलीकडे.
ओढा म्हणजेच सरहद्द.
पलीकडे लढाई पेटली तेव्हापासून
अलीकडे तंबू, तंबूंपुढे पाण्याची रांग,
रांगेत माझी मावसबहीण खदिजे
आणि तिच्या पुढेमागे तिच्याच घराला काडी लावणाऱ्यांची भावंडं.

मी निवेदनं टंकते. एकोणीस वर्षं झाली.
‘तटस्थ’ हा शब्द बोटांना न बघता सापडतो.
तटस्थ म्हणजे तटावर उभा.
कुठल्या तटावर,
ते विचारायची पद्धत नाही.

दुपारी कर्नल अब्बाकर आले. म्हणाले, ठेवून घ्या,
आमची पोरं त्यांच्याकडून लढतायत.
मग कर्नल तिजानी. म्हणाले, गोळी घाला,
माझ्या मामाच्या दारात हेच घोडं उभं होतं.
दोघांचेही रणगाडे
राजवाड्यापासून सारख्याच अंतरावर.

‘आम्ही चिंतित आहोत.’
खोडलं.
‘आम्ही लक्ष ठेवून आहोत.’
तेही खोडलं. कोणावर, असं कोणी विचारलं तर?
‘बंधुराष्ट्रातील दोन्ही बाजूंनी’
इथे मंत्र्यांनी पेन खाली ठेवलं
आणि लवंगेचा चहा मागवला.

फाटकावरचा नोदजी दक्षिणेचा, मुंडूकडचा.
त्याच्या गावी कापूस गोदामाबाहेर भिजतोय,
ट्रकांना डिझेल नाही,
डिझेल सगळं पूर्वेला गेलंय.
त्याला कोणी काही विचारलं नाही.
त्यानं पदरच्या पैशानं गवताच्या चार पेंढ्या आणल्या,
म्हणाला, बाई, जनावराला काय कळतंय.

तीन दिवस घोडं तिथंच.
राजदूतांच्या गाड्या वळसा घालून जात.
पलीकडून रोज फोन: पोचलं ना?
आम्ही म्हणायचो, लाइन खराब आहे,
आणि ते खरंही असायचं.

गुरुवारी नुसता दोर होता.
निवेदन निघालं, फ्रेंचमधून आणि अरबीतून,
सहावा मसुदा, साडेतीन ओळी.
त्यात पाऊसमान होतं, मैत्री होती.

नोदजीची पावती मी वर पाठवली:
गवत, चार पेंढ्या, दोन हजार फ्रँक.
महिन्यानं परत आली,
लाल शाईत एकच शेरा:
कुठलं घोडं?