तिसऱ्या गाण्यातली ठेच

वूच म्हणजे होडी.
आमच्या शहराचं नावच नाव,
आणि तरंगायला पाणी नाही;
ओढे होते ते गिरण्यांखाली गाडले.
इथली माणसं सुतावर जगली.

मीही. बत्तीस वर्षं मागांना तेल देणारा झेनॉन,
पट्टा कधी तुटणार ते आवाजावरून सांगणारा.
एकोणऐंशी साली दोन पगार आणि लुत्सिनाची सायकल
देऊन टाकली,
आणि ट्रामनं घरी आणलं हे यंत्र, मांडीवर,
दुसऱ्याच्या बाळासारखं,
अवघडून.

रिकाम्या दुकानांच्या हिवाळ्यात पट्टा तुटला.
साबण मिळत नव्हता, पट्टा कुठला?
लुत्सिना मोज्यांच्या गिरणीत होती.
तिनं कमरेला गुंडाळून हातभर इलॅस्टिक आणलं.
चोरलं, असं ती कधीच म्हणाली नाही.
"सोबत आलं," म्हणायची.
टोकाला टोक लावून शिवलं.
शिवण फिरून आली की गाणारीचा सूर लचके,
अंधारात एक पायरी जास्त मोजल्यासारखा.
दोन वर्षं आम्ही तसंच ऐकलं.
खरा पट्टा बसला तेव्हा गाणं इतकं सरळ झालं
की लुत्सिना म्हणाली, ही बाई कोण?

मग मला खूळच लागलं.
घड्याळवाल्या म्हाताऱ्या गुस्तावनं मोटरीखालचं रबर बदललं,
वायरी बदलल्या, पुढे मोटरच.
गिरणीचा लिलाव झाला त्या दिवशी
माझ्याच मागाची बीचची फळी मी विकत घेतली,
पत्र्याचं बूड काढून ती खाली बसवली.
तेलाचा डाग अजून वास देतो, उन्हात.
एका पायाखाली ट्रामचं तिकीट, चारदा दुमडलेलं,
कारण आमची जमीन खिडकीकडे कलते.
"आता यात मूळचं उरलंय काय?" गुस्तावनं विचारलं.
"झाकणावरचा ओरखडा," मी म्हणालो.

एक ओरखडा टँगोच्या रेकॉर्डवरही आहे.
कलिनानं काढलेला, चार वर्षांची असताना, काट्याचमच्यातल्या काट्यानं.
तिसऱ्या गाण्यात सुई तिथे अडायची:
उद्या सकाळी, उद्या सकाळी, उद्या सकाळी,
लुत्सिना स्वयंपाकघरातून येईपर्यंत.
पीठ भरलेला हात ॲप्रनला पुसून
करंगळीनं इतकंसं ढकलायची,
झोपलेल्याच्या कपाळावरचा केस सारावा तसं.
मी शेजारीच बसलेलो असायचो.
पण ते काम माझं नव्हतं.

परवाच्या मार्चमध्ये ती गेली.
हिवाळ्यात कलिनानं लीड्सहून नवी सुई धाडली,
काडेपेटीएवढ्या डबीत;
तिची किंमत मी विचारली नाही, तिनं सांगितली नाही.
भिंग, चिमटा, दीड ग्रॅम भार,
श्वास रोखून बसवली एकदाची.

आणि काय ऐकू आलं!
ओळ उचलण्याआधी गाणारी श्वास घेते.
व्हायोलिनवाल्याची खुर्ची करकरते.
चाळीस वर्षांहून जास्त काळ ती खुर्ची माझ्याच घरात करकरत होती
आणि मला पत्ता नव्हता.

तिसरं गाणं आलं.
मी चहाचा ग्लास खाली ठेवला.
सुई ओरखड्यावरून गेली,
नख लागावं एवढा आवाज,
"उद्या सकाळी" एकदाच,
आणि गाणं पुढे निघून गेलं.
माझी मान तोवर दाराकडे वळली होती.
स्वयंपाकघरात फ्रिज चालू झाला.

आता रविवारी मी नवी सुई उतरवतो,
जुनी चढवतो. गुस्ताव म्हणतो,
बोथट सुई रेकॉर्ड खाते.
खाऊ दे.
अडते. मी लगेच उठत नाही.
उद्या सकाळी, उद्या सकाळी, उद्या सकाळी,
कधी सातदा, कधी अकरादा.
मग पुढे होऊन करंगळी लावतो.
माझी जाड आहे. हात सरकून
पार चौथ्या गाण्यात जाऊन पडतो.
तिला कसं जमायचं, विचारायला हवं होतं.