एका पोत्याची महिरप

सौदे सुरू व्हायला वीस मिनिटं,
आणि सांगलीच्या यार्डात, पंख्याखाली, हळदीच्या धुळीत
माझ्या हातातल्या फोनवर चारशेचा आकडा.
सर्व्हरचं म्हणणं एवढंच: विनंतीचा आकार बरोबर नाही.
कुठे बरोबर नाही, हे सांगायची त्याला सवय नाही.
अंगठा इतका पिवळा
की मधल्या वेळात फोननं दोनदा मला ओळख दिली नाही.

बाकीची वक्कलं बिनबोभाट गेली.
कवलापूरची बावीस पोती गेली, सोनीची नऊ,
गोकाकहून रात्री आलेला अख्खा ट्रक गेला.
अडलंय एक. शेवंता ऐनापुरे, मुक्काम दुधगाव.

मी ओट्यावर बसते आणि आत उतरते.
सगळ्यात बाहेर महिरपी कंस, म्हणजे अडत दुकान.
त्याच्या आत शेतकरी.
शेतकऱ्याच्या आत वक्कल,
वक्कलाच्या आत चौकोनी कंस, त्यात पोती रांगेनं,
आणि एकेका पोत्याच्या आत पुन्हा महिरप:
भरलेलं वजन, बारदान, निव्वळ.
शेवटच्या पोत्यामागे स्वल्पविराम नाही.
(यापायी माझी एक अख्खी रविवारची दुपार गेलेली आहे.)

हरिपूरला पेवं होती, जमिनीच्या पोटात खणलेली.
तोंड माणूस मावेल एवढं, आत खोलीएवढा घेर.
उतरण्याआधी म्हणे कंदील सोडायचे दोरीनं;
विझला, की थांबायचं, आतली हवा वाईट.
मी लॉगची एक ओळ सोडते प्रत्येक कंसात.
दुकानात जळते. शेतकऱ्यात जळते. वक्कलात जळते.
पोत्यांपाशी विझते.

"किती पोती हो यांची?"
"एक," बाबालाल मापाडी म्हणतात, काट्यावरची नजर न काढता.
"घरची हाय हळद. एकोणपन्नास किलो सहाशे."

एक.
आणि माझा कोड, शहाणा,
एकच आहे तर रांग कशाला म्हणून
चौकोनी कंस काढून टाकून
नुसतं पोतं धाडत होता उघड्यावर.
पलीकडचा दार लावून घेत होता:
मला यादी हवी, पोतं नको.

ही हुशारी माझीच. मार्चमध्ये लिहिलेली,
वर "साधं ठेवू" असं टिपणही.

"एका पोत्याची कुठं यादी असते का, चाचा?"
बाबालालनी कानावरची पेन्सिल काढली, वही माझ्याकडे फिरवली.
बावीस नगांना उजवीकडून एक लांब महिरप, टोकाला बेरीज.
नऊ नगांना महिरप, टोकाला बेरीज.
खाली शेवंता ऐनापुरे, एकुलत्या आकड्याला
नखाएवढी महिरप,
तिच्या टोकाला तोच आकडा पुन्हा.

"आज एक. उद्या बाई अजून आणंल की," म्हणाले,
"जागा नको?"

दोन चिन्हं. एक उघडणारं, एक मिटणारं.
लॅपटॉप मांडीवर, केबल, पुन्हा बिल्ड,
अंगठा ओढणीला पुसून पुन्हा फोनची मनधरणी.
दोनशे आला तोवर सौदे चालू होऊन
चौथ्या दुकानापर्यंत पोचले होते.

शेवंताबाई पोत्याला हात लावून उभ्या.
त्यांना पावती हवी होती, कागदाची.
प्रिंटर हळदीनं जाम.
बाबालालनी लिहून दिली.