तात्यांच्या खोलीत चौतीस

खानदेशात हीटर? दुकानदारच आधी हसला.
फैजपूरच्या बसस्टँडसमोर, ज्या काउंटरवर तो चैत्रात
कूलरचं गवत विकतो, तिथंच.
मग स्वतःच म्हणाला, पौषात सातपुड्यावरून जे वारं उतरतं
ते तुम्हाला काय सांगायचं, तुम्ही केळीवाले.

खरंय. सावद्याच्या पिकवणी चेंबरवर
बावीस वर्षं गेली माझी.
पहिल्या दिवशी अठरा, मग साडेसतरा, मग सोळा.
दारावरच्या त्या लाल आकड्याशी
मी बायकोपेक्षा जास्त बोललो असेन.
एक-दोन अंश चुकले तर पंधरा टन माल
वरून पिवळा, आतून दगड.
पण केळीचं बरं असतं,
एका चेंबरातल्या सगळ्या फण्यांना
एकच हवामान चालतं.

घराचं तसं नाही.
भुसावळहून धनेश नारखेडे नावाचा पोरगा आला,
तीन तऱ्हा मांडल्या त्याने टेबलावर.
एक घड्याळावर चालणारं,
एक हाक मारली की ऐकणारं,
एक खोलीत माणूस आहे की नाही ते ओळखणारं.
हाक ऐकणारं नको म्हटलं.
आमच्यात हाका सगळेच मारतात,
ऐकायची रीत नाही,
उगाच यंत्राला सवय लागेल.

खोल्यांची नावं सांगा काका.
पुढची. मधली. तात्यांची. वरची.
वरचीशी अडलो.
मृणाल अंकलेश्वरला नांदते, तीन वर्षं झाली,
रिकाम्या खोलीला किती अंश द्यायचे?
बंदच ठेवा, प्रमिला म्हणाली.
मग चहा ओतता ओतता,
पंधरा ठेवा, तिथं कुरडयांचे डबे आहेत.
कुरडयांना थंडी वाजत नाही
हे धनेशलाही माहीत असावं.
त्याने मुकाट पंधरा लिहिले.

तात्या म्हणाले, मले नको रे भो हे. गोधडी हाये ना.
हेच तात्या पौषात रात्रभर बांधावर काडीकचरा पेटवून
बागेत धूर धरायचे, घड गारठू नयेत म्हणून.
पानाला तळहात लावून पाहायचे,
आणि तळहात सांगेल तेवढंच जाळायचे.
त्यांच्या हातात मी पेढ्याएवढा सेन्सर ठेवला.
हा खोलीची ऊब सांभाळतो, तात्या.
त्यांनी तो उलटासुलटा केला. बरं म्हणाले.

पहिल्याच रात्री भांडण पेटलं ते मधल्या खोलीत.
खोलीगणिक वेगळं तापमान, असं खोक्यावर छापलंय,
पण एका खोलीत दोन माणसं निजतात
त्याचं बटण कुठंय?
तिचे चोवीस. माझे अठरा, चेंबरच्या सवयीचे.
अंधारात ती तिच्या पांघरुणातून चढवते,
मी माझ्या पांघरुणातून उतरवतो.
एकवीस. तेवीस. एकोणीस. तेवीस.
शेवटी तिचा फोन उशाशी आपटला,
आणि, मलाही चार दिवसांत पिकवून
दिल्लीला पाठवायचंय का?
वर्षभरात आम्ही असे हसलो नव्हतो.

हसताना बोट घसरलं, खालची ओळ दिसली.
तात्यांच्या खोलीत चौतीस.
वायर जळाली म्हणून अनवाणी धावलो.
खोली गारठलेली. हीटर गप्प.
तात्या गोधडीत गुडघे पोटाशी घेऊन,
आणि मुठीत, छातीला लावून,
तो पेढ्याएवढा.
त्यांना वाटलं होतं, ऊब त्यातूनच येते.

सकाळी सांगणार होतो, तो भिंतीला लावायचा असतो.
चहा झाला, पेपर झाला,
सांगणं राहिलं.
एक जाड रजाई तेवढी आणली, ती मात्र त्यांनी घेतली.

आता तीनला जाग आली की
प्रमिलाच्या तेवीसला हात लावत नाही.
बोट खाली नेतो.
तेहेतीस पूर्णांक आठ.
थांबतो जरा.
चौतीस.
फोन पालथा घालून निजतो.