पदनाम : आचारी

माननीय दुरुस्ती मंडळ,
हा माझा तिसरा अर्ज.
ग्रंथालयातल्या बाई टाइप करताहेत, मी सांगतोय.
चुका सापडल्या तर माझ्या समजा.

नाव वाइनो लाहतिनेन. मुक्काम इश्पेमिंग, मिशिगन.
तुमच्या कागदावर मी आचारी आहे.
ते खोटं नाही.
दोनशे माणसांना मी एका पळीने रस्सा वाढलाय,
आणि कुणाच्या वाट्याला बटाटा आला नाही
ते मला तोंडाकडे बघून कळायचं.

पण कोरियात, फेब्रुवारीतल्या त्या रात्री
चुली विझवायचा हुकूम आला.
लेफ्टनंट म्हणाला, ज्याला दोन हात आहेत त्याने वर यावं.
कारकून गेला, ड्रायव्हर गेले,
पाद्रीबाबांची पेटी उचलणारा पोरगा गेला,
मी गेलो, आणि माझ्या मागोमाग एमिलिओ बाका,
कोलोरॅडोचा, एकोणीस वर्षांचा,
कांदा चिरताना डोळ्यांतून टिपूस न काढणारा.
घाईत एप्रन सोडायचे राहिले.

टेकडीला नाव नव्हतं, नंबर होता.
रायफलची नळी इतकी तापली
की सवयीने मी फडकं शोधलं.
बाकीचं मागच्या दोन अर्जांत आहे.

आपण कळवलंत : लढाईचा बिल्ला पायदळाच्या पदनामालाच मिळतो.
आणि कळवलंत : फाइल सेंट लुईसच्या आगीत सापडली,
उरली त्याची प्रत सोबत जोडली आहे.
प्रत मिळाली. कडा काळ्या आल्यात.
करपलेलं मला लांबून ओळखू येतं.
मधला मजकूर शाबूत, पगार, चपलांचं माप, दातांची संख्या.
कडेचं गेलं.
आम्ही कडेलाच होतो.

साक्षीदार दोन हवेत म्हणता.
एक आहे. ऑर्विल श्टेन्झेल, डलुथच्या वृद्धाश्रमात.
बर्फातून चार तास गाडी हाकत गेलो.
त्याने मला ओळखलं नाही.
बराच वेळ बघत राहिला, मग म्हणाला,
"कॉफी गार झालीय रे."
टेकडीवर उजाडताना
हेच म्हणाला होता तो, याच आवाजात.
नर्स बिचारी धावत जाऊन गरम कॉफी घेऊन आली.
नोटरीला मी विचारलं, ही साक्ष धरता येईल का?
ती हसली नाही.
शिक्काही मारला नाही.

पुढचा रकाना : तीन वर्षांच्या आत अर्ज का केला नाही?
पहिली तीन वर्षं मी लोखंडाच्या खाणीत उतरत होतो.
जमिनीखाली बरं वाटायचं, सगळ्या बाजूंनी भिंत.
त्यानंतरची एकतीस, बायकोला सांगितलं नव्हतं.
सांगितलं तेव्हा ती म्हणाली, म्हणून तू दार बघत जेवतोस होय.
त्यानंतर ती आजारी होती.
एवढी जागा या रकान्यात नाही, मागच्या पानावर लिहा बाई.

आणि आता का?
एमिलिओची बहीण लिओनोर
दर डिसेंबरला मला कार्ड पाठवते.
तिच्याकडच्या कागदावर आहे :
आचाऱ्याचा मदतनीस, मृत्यू अपघाती.
शेजारच्या कुणी तिला विचारलं होतं,
म्हणजे काय, चुलीत भाजला?
तिने ते विनोद म्हणून लिहिलंय, पुढे उद्गारचिन्ह घालून.
चौऱ्याऐंशीची आहे ती.

बिल्ला मला मिरवायचा नाही.
ज्या कोटावर लावायचा तो कोट मला होत नाही.
पण माझ्या पानावर ती रात्र एकदा मान्य झाली
तर त्याच्या पानावर तिला नाही म्हणता येणार नाही.
आम्ही दोघं एकाच खड्ड्यात होतो.
माझा डावा खांदा, त्याचा उजवा.

बाई विचारताहेत, एप्रनचं वाक्य ठेवायचं का,
मंडळाला ते हलकं वाटेल.
ठेवा.
आणि पदनाम खोडू नका, आचारीच राहू दे.
त्याच्याखाली अर्धी ओळ मोकळी आहे.
तिथे लिहा.

ग्रंथालय पाचला बंद होतं,
पोस्टाची पेटी त्याच्याही आधी.
सही करतो.