परतावा

लोटनभाऊंनी पहाटे बांबू खाली सोडला.
दोन हात पाणी, मग नुसता गाळ.
"आज बोट निघत नही," म्हणाले
आणि बिडी पेटवून केळीच्या सावलीत बसले.

मे महिना. चांगदेवच्या घाटावर सात वाजताच
पायऱ्या तापलेल्या.
मी खिडकी उघडून फलक पुसला :
चोवीस तास आधी कळवल्यास निम्मे पैसे परत.
बारा तासांच्या आत काही नाही.
वारा, पूर, धरणाचं कमी-जास्त पाणी, इंजिन,
असं काही झाल्यास पूर्ण रक्कम,
भरीत-पुरीचे चाळीस वजा.
शेवटची ओळ माझी.
वांगी रात्रीच भाजून झालेली असतात,
त्यांना कोण परत पाठवणार.

एकवीस माणसं. जळगावचं एक जोडपं
सारख्या टोप्या घालून आलेलं.
एकानं फलकाचा फोटो काढला, पुढे कामाला येईल म्हणून.
एका पोरानं विचारलं, नदी कुठे गेली?
मी नोटा मोजत होते.

सगळ्यात शेवटी मुरलीधर फेगडे,
भुसावळच्या लोको शेडमधून रिटायर,
पिशवीत पाण्याची बाटली आणि छत्री.
त्यांनी चाळीस कापलेले बघून मान हलवली :
"बरोबर. रेल्वेबी कापते."
मग म्हणाले, "बोटीतून दाखवता ते
चालत दाखवा. पैसे नका देऊ वाटलं तं."

चालत गेलो. फुटलेला गाळ,
मधेच शिंपले, एक रबरी चप्पल, कुणाच्या जाळ्याचा तुकडा.
जिथे रोज बोट हळू करतो तिथे मी थांबले
आणि सवयीनं हात वर झाला :
इथे खाली जुनं निंबोळखेडं,
हे मारुतीचं देऊळ, ही शाळा,
अजूनही शांत रात्री घंटा ऐकू येते...

त्यांनी बूट काढून हातात घेतले होते.
"शाळा अठी नव्हती, पोरी.
तठी. नाल्याच्या पल्याड."
आणि निघाले. मी मागे.

नाल्यापलीकडे गाळातून तीन पायऱ्या वर आलेल्या,
शेजारी लोखंडी नळीचं बुड, झेंड्याचं.
त्यांनी नळीवर अंगठा फिरवला,
गंज बघितला, शेडमध्ये बघत असतील तसा.
"मारुती नव्हताच गावाले.
म्हसोबा व्हता, तोबी उघड्यावर.
घंटा कोन बांधीन त्याले?"

तीन हंगाम. दिवसाला चार फेऱ्या.
अभिप्रायाच्या वहीत पानंच्या पानं :
गाईडची माहिती उत्तम.
देऊळ पाहून अंगावर काटा आला.
नाशिकच्या एका बाई तर रडल्या होत्या
नाल्याच्या अलीकडे, नुसत्या पाण्याकडे बघून.
फलकावर वरपासून खालपर्यंत कलम शोधलं.
बोट निघाली नाही तर काय, ते आहे.
बोट निघाली, सगळे खूश होऊन उतरले
आणि दाखवलं ते तिथे नव्हतंच,
त्याचे किती परत?

परत आल्यावर त्यांनी उभ्याउभ्याच भरीत खाल्लं,
"तिखट कमी," एवढंच बोलले.
फॉर्मवर 'आपण समाधानी आहात का?'
हो आणि नाही, दोन्ही चौकोन कोरे ठेवले.
मागच्या बाजूला नकाशा काढला,
पट्टी नसताना सरळ रेघा :
शाळा, म्हसोबा, विहीर, चिंच,
आणि एका चौकोनात फक्त 'फे.'

आता पाणी चढलंय. बोट निघते.
नाला ओलांडेपर्यंत मी बोलत नाही.
मग सांगते, ही शाळा, तीन पायऱ्या,
आणि 'फे.'च्या चौकोनावरून जाताना
लोटनभाऊ न सांगता इंजिन बंद करतात.
गेल्या रविवारी कुणीतरी लिहिलं :
जेवण छान. बोट स्वच्छ.
गाईड फार कमी बोलते.
पाचपैकी तीन.