कमरेएवढं खोल

रस्त्यावरच्या टाकीपासून खोपीपर्यंत
रुझारनं चर खणायला घेतला, तो कमरेएवढा.
आम्हाला वाटलं, माप चुकलं.
सगुण काठावर उकिडवा बसून म्हणाला,
"पाइप पुरतोयस की म्हातारा बैल?"

केरीच्या या उतारावर पाणी
नेहमी उघड्यावरून आलेलं:
व्हाळातून घागरीत, घागरीतून माझ्या डाव्या खांद्यावर,
एकशे चाळीस पावलं चढून
भाटीच्या लावणीवर, करवंटीच्या दवल्यानं,
दिवसभर एकेक ओतणं,
तेव्हा कुठे वाफेचं हुर्राक व्हायचं.
खोपीला दार नाही, भिंती झावळ्यांच्या.
तिथं नळ येणार म्हणून मी
चार घरी आधीच सांगून बसले होते.

पण रुझार बारा वर्षं कॅनडात राहिलेला,
करंगळीचं टोक तिकडेच ठेवून आलेला.
"तिथं जमीन," तो म्हणाला, "मार्चपर्यंत दगड.
माणूस मेला तरी पुरायला थांबतात."
"हांगा उदक गोठना रे," मी म्हटलं.
"ठाऊक आहे," म्हणाला, आणि जांभा फोडत राहिला.
हातांना कुणी कळवलं नव्हतं.

अर्ध्या भरलेल्या बाटलीनं उतार पाहत पाइप टाकला.
सगळ्यात खालच्या जागी, फणसाच्या मुळाशी,
एक जादा तोटी, वर चिऱ्याचं झाकण.
"ही कशाला?"
"रात्री निघताना आधी वरची चावी बंद.
मग ही उघडायची.
मग खोपीतला नळ उघडा ठेवायचा,
नाहीतर पाणी श्वास कोंडून आतच बसतं."
एकदा, घोड्यांच्या तबेल्यात,
तो तिसरं विसरला.
पहाटे एकच आवाज,
विस्तवात काजूची बी फुटावी तसा.
तांब्याचा पाइप उभा चिरला होता
आणि घोडे बर्फ चाटत होते.
मालक काही बोलला नाही. पगारातून कळलं.

आमचा नळ पहिल्यांदा उघडला तेव्हा खोकला.
लाल चिखल, खेकड्याची एक नांगी,
मग पाणी.
मी घागर पालथी घातली
आणि तिच्यावर बसून चहा प्याले.

एप्रिलअखेर जांभा तापला.
सगुणाच्या भाटीवर काळा पाइप जमिनीवरून आलेला;
दुपारी त्यातून कढत पाणी.
लावणी निवेना, वाफ फटींतून उडायची
आणि अर्धी वाडी वासावरच झिंगायची.
माझ्या नळाला मात्र
मातीखालच्या अंधाराचा गारवा.
रुझारनं पाणी लपवलं होतं थंडीपासून,
ते उन्हालाही सापडेना.
सगुण आला. हात धुतले,
वाळायच्या आत पुन्हा धुतले,
आणि जाताना कुदळ मागून नेली.

रुझार परत गेला. मुलीची फी, म्हणाला.

जानेवारीत चोर्ल्याच्या घाटावरून वारा उतरतो,
पोरांना कानटोप्या घालतो आम्ही,
तेवढीच आमची थंडी.
काजूला नुसता मोहर, लावणी उपडी पडलेली.
पहाटे फोन वाजतो. तिकडे संध्याकाळ,
उणे एकतीस, बोलताना त्याचे दात वाजतात.
"खालची तोटी उघडलीस?"
"उघडली," मी म्हणते.
"आणि नळ?"
"तोही."

फोन ठेवते. जरा वेळ अंथरुणातच बसून राहते.
मग बॅटरी घेते, शाल घेते,
दवानं ओल्या पाचोळ्यातून
फणसाखाली जाते
आणि चिरा उचलते.